नामदार गोखले : कामाचा गुरू लाभला, विश्रांतीचा नाही

मोठ्या कंपन्यांतून आणि बँकांतून गेल्या काही वर्षांत एक नवी प्रथा रूढ झाली आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याला संस्थेच्या खर्चाने एक मार्गदर्शक नेमून दिला जातो. त्याने ठराविक दिवशी यावे, अधिकाऱ्याशी एकांतात बोलावे, त्याच्या कामाची, निर्णयांची आणि दिनक्रमाची त्याच्याकडूनच उलटतपासणी करवून घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. तिला एक्झिक्युटिव्ह कोचिंग असे भारदस्त नाव आहे. अधिकाऱ्याच्या हातून उत्तम काम व्हावे, ते वर्षानुवर्षे होत राहावे आणि ते करता करता माणूस आतून संपून जाऊ नये, हा तिचा हेतू सांगितला जातो. या संपून जाण्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला स्थान दिले. मात्र ते रोग म्हणून दिलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही म्हणजे उद्भवणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या आहे. शक्ती आटणे, कामापासून मन दुरावणे आणि कार्यक्षमता घटणे ही तिची तीन लक्षणे होत.

साहेबांचे हे लाड आहेत, असे म्हणून शिक्षकाने किंवा कारकुनाने हा विषय बाजूला सारणे स्वाभाविक आहे. तथापि प्रश्न लाडांचा नाही. ज्याच्यावर इतर अनेकांचे काम अवलंबून आहे अशा माणसाने स्वतःला किती वापरावे, आणि त्याला थांब असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्राला परदेशी ग्रंथांची गरज नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे. उत्तम मार्गदर्शक लाभल्याने माणूस किती उंच जातो, हे त्यात दिसते. आणि त्या मार्गदर्शनात एक धडा राहून गेला तर काय होते, हेही दिसते.

आठ रुपयांची शिस्त

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागललाच पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाला कोल्हापूरला पाठवू लागले. सात रुपयांत मागे राहिलेले सारे घर चालत होते. आपल्या वाट्याचा प्रत्येक पैसा दुसऱ्याच्या पोटातून काढलेला आहे, याची जाणीव ज्या मुलाला त्या वयात झाली, त्याने हाताने स्वयंपाक करावा, दिव्याचे तेल वाचविण्यासाठी रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास करावा, यात आश्चर्य नाही. ही काटकसर पुढे गोखल्यांच्या स्वभावात मुरली. मात्र पैशाच्या बाबतीत जो गुण ठरतो तोच शरीराच्या बाबतीत दोष ठरू शकतो. स्वतःवर खर्च करणे म्हणजे कोणाचे तरी ऋण वाढविणे, ही भावना एकदा रुजली की विश्रांतीसुद्धा उधळपट्टी वाटू लागते.

१८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन असा प्रवास करून १८८४ मध्ये त्यांनी पदवी घेतली. सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन्ही मार्ग त्यांना मोकळे होते, आणि बंधूंच्या त्यागाची फेड लवकर करावयाची तर तेच मार्ग सोयीचे होते. त्याऐवजी १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. वयाच्या विसाव्या वर्षी आयुष्याची पुढची वीस वर्षे अल्प वेतनावर एका संस्थेला लिहून देण्याचा तो निर्णय होता.

गुरूची शिकवण

याच सुमारास त्यांचा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी परिचय झाला, आणि त्यातून जे नाते निर्माण झाले त्याला आजच्या भाषेत नाव द्यावयाचे तर कोचिंग हेच द्यावे लागेल. फरक इतकाच की, त्याचे बिल कोणी कोणाला पाठविले नाही. रानडे गोखल्यांहून चोवीस वर्षांनी वडील होते. त्यांनी या तरुण शिक्षकाला सार्वजनिक सभेच्या कामात ओढले. सरकारी अहवाल कसे वाचावेत, आकड्यांच्या रकान्यांतून शेतकऱ्याची स्थिती कशी ओळखावी, अर्ज कसा लिहावा, लिहिलेला पुन्हा का लिहावा, हे त्यांनी त्याला वर्षानुवर्षे शिकविले. १८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होऊन मुंबईस गेले, तरी शिकवणी थांबली नाही.

या शिकवणुकीतला एक प्रसंग गोखले स्वतः पुढे सांगत असत. सभेने मोठ्या कष्टाने तयार केलेल्या निवेदनांना सरकारकडून दोन ओळींची पोच येई. तरुण शिष्य निराश झाला. तेव्हा रानड्यांनी त्याला समजाविले की, ही निवेदने नावापुरती सरकारला लिहिलेली असतात. खरी ती लोकांसाठी असतात, कारण या देशात राजकारण अगदी नवे आहे आणि विचार कसा करावा हे लोकांना शिकावयाचे आहे. फळाची घाई न करता काम करीत राहण्याचे बळ गोखल्यांना या एका स्पष्टीकरणातून मिळाले. वर सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी कामापासून मन दुरावण्याचे लक्षण गोखल्यांच्या ठायी कधीच दिसले नाही, याचे श्रेय रानड्यांना आहे. निराशेवरचा उतारा त्यांनी शिष्याला वेळीच दिला होता.

श्रमावरचा उतारा मात्र त्यांनी दिला नाही. तो त्यांच्यापाशीच नव्हता. दिवसा न्यायदान, उरलेल्या वेळात सामाजिक परिषद, औद्योगिक परिषद, अर्थशास्त्रावरचे निबंध आणि मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन, अशी रानड्यांची स्वतःची राहणी होती. १९०० च्या डिसेंबरात प्रकृतीमुळे त्यांना लाहोरला जाता आले नाही, तेव्हा सामाजिक परिषदेतले त्यांचे भाषण गोखल्यांनी तेथे नेऊन वाचले. पुढच्याच महिन्यात, १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी रानडे गेले. गुरूचे ओझे शिष्याने उचलले, आणि ओझे उचलण्याची रीतही गुरूचीच उचलली.

एका माणसाचे पाच उद्योग

रानड्यांच्या छायेखाली गोखल्यांनी अंगावर घेतलेल्या कामांची केवळ यादी वाचली तरी धाप लागते. फर्ग्युसन कॉलेजात ते इंग्रजी शिकवीत, गणित शिकवीत, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवीत. शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक त्यांनी लिहिले आणि ते दूरवर चालले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे होते, सभेचे चिटणीसपद होते, आगरकरांच्या सुधारकाची इंग्रजी बाजू काही वर्षे त्यांनी सांभाळली. टिळक सोसायटीतून बाहेर पडल्यावर सोसायटीच्या चिटणीसपदाचा भारही त्यांच्यावर आला. कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्यांमध्ये गावोगाव हिंडून त्यांनी वर्गणी गोळा केली. शिक्षकाची सुटी म्हणजे विश्रांती, हे गणित त्यांच्या अंकगणितात नव्हते.

१८९७ हे वर्ष कसोटीचे ठरले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. वाटेत कॅले येथे त्यांच्या छातीला मोठी दुखापत झाली. बरोबरच्या मंडळींना त्रास नको म्हणून ती त्यांनी काही दिवस कोणाला सांगितली नाही, आणि त्यामुळे जिवावर बेतले. तरीही साक्ष अशी झाली की, तीस वर्षांच्या या शिक्षकाने उलटतपासणीत आकड्यांची एकही बाजू ढळू दिली नाही. पुढे पुण्यातील प्लेग बंदोबस्तातल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी इंग्लंडात केलेले विधान पुराव्याने सिद्ध करता आले नाही, आणि परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. स्वकीयांची टीका, परकीयांचा उपहास आणि दुखावलेले शरीर अशा स्थितीत कोणी वर्षभर घरी बसला असता. गोखले प्लेगच्या मदतकार्यात उतरले. मनाच्या जखमेवर काम हे औषध ठरले हे खरे. परंतु शरीराची जखम त्या औषधाने भरत नसते.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणि १९०२ मध्ये फिरोजशहा मेहतांच्या जागी वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले. त्या वर्षी २६ मार्च रोजी अंदाजपत्रकावर त्यांनी केलेले पहिले भाषण सरकारी बाकांनाही विचार करावयास लावणारे होते. खजिन्यातील शिल्लक हे समृद्धीचे लक्षण नसून जनतेवर गरजेपेक्षा अधिक कर बसविल्याचे लक्षण आहे, हे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखविले. अशी भाषणे त्यांनी वर्षामागून वर्षे केली. प्रत्येक भाषणामागे आठवड्यांचे जागरण असे.

विचारला गेलेला प्रश्न

१९०२ च्या आरंभी कलकत्त्यात एक पाहुणा महिनाभर गोखल्यांकडे उतरला होता. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या त्या पाहुण्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. यजमानाचा एक क्षणही वाया जात नाही, त्याचे बोलणे-चालणे सारे देशकार्यासाठी आहे, हे पाहून पाहुणा भारावून गेला. तरीही त्याच्या चिकित्सक नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. गोखले पायी फिरावयास जात नसत आणि सतत आजारी असत. सार्वजनिक कामातून व्यायामाला वेळ मिळू नये काय, असे गांधींनी त्यांना सरळ विचारले. फिरावयास जाण्याइतका मोकळा मी तुम्हांला कधी दिसतो, अशा अर्थाचे उत्तर देऊन गोखल्यांनी विषय संपविला. गांधींनी वाद घातला नाही, पण पटवूनही घेतले नाही. कितीही काम असले तरी जेवणाला जसा वेळ काढतो तसा व्यायामालाही काढावा, असे त्यांचे मत कायम राहिले.

गोखल्यांच्या आयुष्यात योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला गेला होता. तो विचारणारा वयाने तीन वर्षांनी लहान होता, त्यांना गुरू मानणारा होता. आग्रह धरण्याचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता; आणि ज्यांच्यापाशी तो होता ते रानडे वर्षापूर्वीच गेले होते.

दुसऱ्यांना एक नियम, स्वतःला दुसरा

याचा अर्थ गोखल्यांना कामाच्या मर्यादा कळत नव्हत्या असा मुळीच नाही. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. एकट्यादुकट्याच्या उत्साहावर देशकार्य चालणार नाही, त्यासाठी आयुष्य वाहिलेल्या आणि नीट घडविलेल्या माणसांची संस्था हवी, हा त्यामागचा विचार. नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी ठरलेली असे. अभ्यास, देशाटन आणि वडीलधाऱ्यांची देखरेख यांतून तो हळूहळू तयार व्हावा, अशी योजना होती. १९१५ मध्ये गांधी कायमचे परतले तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी वर्षभर केवळ देश पाहण्यास आणि सार्वजनिक प्रश्नांवर मौन पाळण्यास सांगितले. दुसऱ्याची शक्ती कशी जपावी आणि कशी वाढवावी, हे इतके नेमके जाणणारा माणूस त्या काळात विरळा होता. तो नियम त्यांनी स्वतःला मात्र लावला नाही.

समाज स्थापन केला त्याच वर्षी ते इंग्लंडला जाऊन सभांमागून सभा घेत होते, आणि वर्षअखेर बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९०६ आणि १९०८ मध्ये पुन्हा इंग्लंड. मधल्या काळात सुरतेची फूट, मोर्ले यांच्याशी वाटाघाटी, १९०९ च्या सुधारणा. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारे ते अत्यंत सावध विधेयक होते. ते १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्याच वर्षी ते इंग्लंडला आणि तेथून दक्षिण आफ्रिकेला गेले. तोवर मधुमेहाने त्यांना पुरते घेरले होते.

आफ्रिकेतल्या चार आठवड्यांचा वृत्तांत गांधींनी लिहून ठेवला आहे. टॉलस्टॉय फार्मवर पोहोचण्यासाठी गोखल्यांना स्टेशनपासून सुमारे दीड मैल चालावे लागले, पाऊस आला आणि त्यांना सर्दी झाली. बाकी सर्वजण जमिनीवर झोपतात हे कळल्यावर आपल्यासाठी मुद्दाम आणलेली खाट त्यांनी दूर करविली. गांधी आणि कॅलनबाख पाय चेपण्यास आले, तर त्यांना हातही लावू दिला नाही. प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स यांच्या भेटीपूर्वी त्यांनी चारही वसाहतींतील हिंदी लोकांच्या स्थितीचे टिपण गांधींकडून करवून घेतले आणि ते आत्मसात करण्यासाठी रात्र जागविली. तेथून परततात तोच सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाची कामे सुरू झाली. १९१३ च्या अखेरीस आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी निधी जमविण्याचे काम आले. तेही त्यांनी आजारपणातच पार पाडले.

१९१५ च्या फेब्रुवारीत गांधी पुण्यास आले. त्यांच्यासाठी समाजाच्या आवारात फराळाचा छोटा कार्यक्रम होता. गोखले खोलीतून तेथे येण्यास निघाले आणि वाटेतच त्यांना मूर्च्छा आली. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठविला की, कार्यक्रम चालू ठेवा. त्याच दिवसांत ते गव्हर्नर विलिंग्डन यांच्या विनंतीवरून भावी राजकीय सुधारणांचा मसुदा पेन्सिलीने लिहीत होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस होते.

अनुमान किती काढावे

येथे न्याय्य भूमिका घेतली पाहिजे. मधुमेहावर इन्शुलिनचा पहिला उपचार १९२२ मध्ये झाला. १९१५ मध्ये डॉक्टरांच्या हाती पथ्यापलीकडे फारसे काही नव्हते. रोज फिरावयास गेले असते तर गोखले सत्तर वर्षे जगले असते, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. तसेच, स्वतःला जपणारा गोखले हा गोखले राहिला असता काय, असाही प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे.

तथापि त्याच फर्ग्युसन कॉलेजात, गोखल्यांच्याच बोलावण्यावरून १८९१ मध्ये गणित शिकविण्यास आलेले दुसरे एक शिक्षक होते. धोंडो केशव कर्वे गोखल्यांहून आठ वर्षांनी मोठे होते. पगार तसाच अल्प, घरची स्थिती तशीच, लोकनिंदा कदाचित अधिक. कॉलेज आटोपून ते हिंगण्याच्या आश्रमापर्यंत मैलोगणती पायी जात. ते १०४ वर्षे जगले. दोन प्रकृतींची तुलना करून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु एवढे निश्चित की, निष्ठा आणि दीर्घायुष्य यांचे हाडवैर नाही. झिजून मरणे हाच सेवेचा एकमेव पुरावा, ही आपल्याकडची समजूत कर्व्यांच्या आयुष्याने खोटी ठरविली.

आणि हानीचा हिशेब कोणी करावयाचा? गोखले गेले आणि तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. ज्या कल्पनेसाठी गोखल्यांनी रक्त आटविले ती कायद्याच्या पुस्तकात गेली तेव्हा ते बावन्नाव्या वर्षात असते. १९१७ ची माँटेग्यू यांची घोषणा, १९१९ च्या सुधारणा, या साऱ्या काळात आकड्यांवर त्यांच्याइतकी हुकमत असलेला दुसरा हिंदी मुत्सद्दी नव्हता. त्यांनी वाचविलेले तास देशाला मिळाले हे खरे, पण गमावलेली वर्षेही देशाचीच गेली.

त्यांच्या शिष्याने मात्र हा धडा घेतला. गांधींचे रोजचे फिरणे शेवटपर्यंत सुटले नाही. १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या धावपळीत तेही मरणाच्या दारी जाऊन आले. पण पुढे आठवड्यातून एक दिवस मौनाचा त्यांनी राखून ठेवला. प्रथम विश्रांतीसाठी घेतलेले हे मौन पुढे त्यांच्या साधनेचा भाग बनले.

आज जे मार्गदर्शक नेमले जातात त्यांची परीक्षा याच ठिकाणी होणार आहे. अधिकाऱ्याला जास्त काम कसे करावे हे शिकविणारे पुष्कळ मिळतील. त्या अधिकाऱ्याच्या मालकाला किंवा संचालक मंडळाला, या माणसावर टाकलेले काम एका माणसाचे नाही, असे तोंडावर सांगणारा किती जण ठेवतील? तसे सांगता येत नसेल तर हे कोचिंग म्हणजे बैल दमू नये म्हणून जू न काढता त्याला थोपटणे होय.

प्रश्न केवळ कंपन्यांचा नाही. अध्यापनाबरोबर जनगणना आणि निवडणुकीची कामे करणारा शिक्षक, मार्चअखेर रात्री उशिरापर्यंत खातेवह्या जुळविणारा कारकून, आणि या दोघांवर देखरेख ठेवणारा मुख्याध्यापक किंवा हेडक्लार्क, हे सारे आपापल्या जागी याच अवस्थेतून जात असतात. आपल्या निरोप समारंभांतून सर्वांत मोठी स्तुती कोणती होते? या गृहस्थांनी तीस वर्षांत कधी रजा घेतली नाही. टाळ्या पडतात. ज्या संस्थेत एक माणूस तीस वर्षे रजा घेऊ शकला नाही, त्या संस्थेने दुसरा माणूस तयार केला नाही, असाही त्याचा अर्थ होतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

गोखल्यांनी दुसरी माणसे तयार केली, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्यामागे श्रीनिवास शास्त्री, देवधर, ठक्करबाप्पा यांनी समाज चालविला. पुण्यात त्यांची संस्था राहिली, फर्ग्युसन राहिले. आजचा शिक्षक त्यांच्याकडून निष्ठा शिकतो, आकड्यांची सचोटी शिकतो, विरोधकाशी सभ्यतेने वागणे शिकतो. पाच वर्षांच्या उमेदवारीचा नियम त्यांनी दुसऱ्यांसाठी ज्या ममतेने लिहिला, तीच ममता आपल्या हाताखालच्या माणसाला आणि स्वतःलाही दाखविणे, हा त्याच चरित्रातला उरलेला धडा आहे. तो गोखल्यांना कोणी शिकविला नाही. आपल्याला त्यांच्या आयुष्याने शिकविला आहे, आणि त्याची किंमत त्यांनी भरली आहे.